आधी चरखा समजून घ्या : प्युरिटन भक्तिकवितेतील सांगरूपक कसे वाचावे

एडवर्ड टेलर हा कवी इंग्लंडमधील लेस्टरशायर परगण्यात वाढला, १६६८ मध्ये समुद्र ओलांडून मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत आला आणि हार्वर्डमधून १६७१ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात बर्फ तुडवत तो सुमारे शंभर मैलांवरच्या वेस्टफील्ड या सरहद्दीवरील वस्तीत धर्मोपदेशक म्हणून गेला. १७२९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो तिथेच राहिला. प्रवचने देणे, आजाऱ्यांना औषधपाणी करणे आणि रात्री कविता लिहून वहीत ठेवून देणे, असे त्याचे आयुष्य गेले. हयातीत त्याच्या जेमतेम काही ओळी छापल्या गेल्या. बाकीचे हस्तलिखित वंशजांकडून येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले आणि तिथे १९३७ मध्ये थॉमस जॉन्सन या अभ्यासकाच्या हाती लागेपर्यंत टेलर हा कवी होता हे जगाला जवळजवळ ठाऊकच नव्हते. त्याची ‘हस्विफरी’ ही अठरा ओळींची कविता आज प्युरिटन, म्हणजे इंग्लंडमधील चर्च अधिक शुद्ध करू पाहणाऱ्या प्रोटेस्टंट पंथीयांच्या, कवितेचा नमुना म्हणून अनेक अभ्यासक्रमांत लावलेली असते. शीर्षकाचा साधा अर्थ घरकाम, गृहिणीचे कसब. ही एक कविता समोर ठेवून, भक्तीने भरलेले विस्तारित रूपक टप्प्याटप्प्याने कसे सोडवावे ते या लेखात मांडले आहे.

मराठी वाचकाकडे या कामाची तयारी आधीपासूनच असते. उपमानाची सगळी अंगे उपमेयाच्या अंगांवर एकेक करून बसवली, तर त्याला आपल्याकडे सांगरूपक म्हणतात. ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणेशाची मूर्ती अशीच उभी राहते : वेद हे रूप, स्मृती हे अवयव, अठरा पुराणे हे रत्नालंकार, सहा दर्शने हे सहा हात. तिथे ज्ञानेश्वर देवाची मूर्ती घडवत, सजवत नेतात. टेलर मात्र स्वतःचे सुटे भाग करतो आणि देवापुढे ठेवतो. हा फरक मनात ठेवूनच पुढे जावे, कारण कवितेची सगळी कळ त्यात आहे.

मूळ पाठ हाताने उतरवून घ्या

पहिले काम साधे, पण टाळू नये असे आहे. कविता सतराव्या शतकातील मूळ वर्णलेखनासह मिळवावी आणि दोन ओळींत भरपूर जागा सोडून स्वतःच्या हाताने उतरवावी. आधुनिक आवृत्त्यांत शब्दांची मोठी आद्याक्षरे बारीक केलेली असतात. टेलरच्या हस्तलिखितात चाक, माग, आत्मा, वचन या नामांना मोठी आद्याक्षरे आहेत, त्यामुळे यंत्राचे भाग आणि आत्म्याचे भाग सारख्याच मानाने डोळ्यांत भरतात. उतरवताना प्रत्येक कडव्याच्या सहा ओळी मोजाव्यात आणि त्यांतल्या शेवटच्या दोन ओळी जोडयमकाच्या आहेत हेही नोंदवावे. प्रत्येक कडव्यातले काम त्या दोन ओळींत पुरे होऊन पुढच्या कडव्याच्या हाती दिले जाते.

मजकूर थोडक्यात असा आहे. पहिल्या कडव्यात कवी प्रभूला विनवतो की मला तुझा संपूर्ण चरखा कर. तुझे पवित्र वचन ही माझी डिस्टाफ (तंतू धरणारी काठी) होवो, माझे भावावेग त्या चरख्याचे चपळ फ्लायर (पीळ देणारे फिरते भाग) होवोत, माझा आत्मा रीळ होवो, आणि माझे वर्तन लडी करण्याचे चक्र होऊन तुझ्या चाकावर कातलेले सूत त्यावर गुंडाळले जावो. दुसऱ्या कडव्यात तो मला तुझा माग कर म्हणतो, तुझ्या पवित्र आत्म्याने कांड्या भराव्यात, कापड तू स्वतः विणावेस, तुझ्या विधींनी ते कुटून घट्ट करावे आणि मग स्वर्गीय रंगांत रंगवून त्यावर नंदनवनातली चकाकती फुले काढावीत. तिसऱ्या कडव्यात ते वस्त्र कवीच्या अंगावर चढते.

शब्दांचे त्या काळचे अर्थ

दुसऱ्या टप्प्यावर विद्यार्थी सर्वांत जास्त अडखळतात, आणि मीही अडखळलो होतो. पहिल्या कडव्यातल्या ‘कॉन्व्हर्सेशन’चा अर्थ मी बरीच वर्षे ‘संभाषण’ असाच घेतला होता, आणि बोलण्याचा सूत गुंडाळण्याशी काय संबंध, यावर एक टिपणही खरडले होते. त्या काळच्या इंग्रजीत, विशेषतः १६११ च्या बायबलमध्ये, या शब्दाचा अर्थ चालचलणूक, जगण्याची रीत असा आहे. तो अर्थ घेतला की ओळ क्षणात उलगडते : आत झालेले काम जगाला दिसते ते वागण्यातून, जसे रिळावरचे सूत बाहेरच्या चक्रावर लडी होऊन दिसते.

असेच आणखी काही शब्द आहेत. ‘अफेक्शन्स’ म्हणजे केवळ जिव्हाळा नव्हे. इच्छेला ओढून नेणारे सगळे भावावेग, प्रेम, भय, शोक, आनंद, त्यात येतात. ‘ऑर्डिनन्सेस’ म्हणजे सरकारी अध्यादेश नव्हेत. मंडळीला, म्हणजे चर्चच्या भक्तसमूहाला, देवाने नेमून दिलेली साधने, म्हणजे वचनाचा उपदेश, बाप्तिस्मा, प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी) इत्यादी विधी. ‘वेब’ म्हणजे कोळ्याचे जाळे नव्हे, मागावरचे विणलेले कापड. ‘पिंक्ट’ या शब्दाला गुलाबी रंगाशी काही देणेघेणे नाही. कापडाला बारीक छिद्रे वा नक्षी करून सजवणे असा तो अर्थ आहे. सतराव्या शतकाचा दाखला देणारा मोठा ऐतिहासिक कोश जवळ असावा. तो नसेल तर निदान परिचित दिसणाऱ्या शब्दांवरच आधी संशय घ्यावा. अपरिचित शब्द आपण तसेही पाहतोच.

बायबलची मराठी प्रतही शेजारी असावी. इथे एक खरा धागा आहे. न्यू इंग्लंडमधील प्युरिटनांच्या काँग्रिगेशनल, म्हणजे आपापला कारभार स्वतः पाहणाऱ्या, मंडळ्यांच्याच परंपरेतून १८१० मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये अमेरिकन बोर्ड ही मिशनसंस्था निघाली, तिचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले, आणि त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनने बायबलचे भाग मराठीत छापले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी पुढे याच मिशनमध्ये अहमदनगरला काम केले. वचन, पवित्र आत्मा, गौरव हे शब्द टेलर वाचताना मराठीत सहज सापडतात, त्यामागे हीही वाट आहे.

यंत्र

आता खरा टप्पा. अर्थाकडे अजून वळू नये. रूपकातले यंत्र कसे चालते हे आधी पुरते समजले पाहिजे, आणि सूतकताईचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर खादीचा चरखा येतो, तोच नेमका दिशाभूल करतो.

आपल्या चरख्यावर कातणारा डाव्या हातात कापसाचा पेळू धरतो, चातीच्या टोकावरून धागा ओढतो, त्याला पीळ बसतो, मग क्षणभर थांबून तो धागा चातीवर गुंडाळतो आणि पुन्हा ओढतो. ओढणे आणि गुंडाळणे ही दोन कामे आळीपाळीने चालतात. टेलरच्या कवितेतला युरोपीय छोटा चरखा वेगळा आहे. त्यात तंतूंचा पुंजका हातात नसतो; एका उभ्या काठीला तो गुंडाळून बांधलेला असतो. ही काठी म्हणजे डिस्टाफ. तिला मराठीत चपखल शब्द नाही, कारण कापूस कातायला तिची गरज पडली नाही. या काठीवरून बोटांनी सोडवलेले तंतू घोड्याच्या नालासारख्या दोन पाखांच्या लाकडी भागात शिरतात, ज्याच्या पाखांना बारीक आकडे असतात. हा फ्लायर. तो गरगर फिरून तंतूंना पीळ देतो आणि त्याच्या पोटात बसलेल्या रिळावर, फिरण्याच्या वेगातल्या फरकामुळे, सूत त्याच वेळी गुंडाळलेही जाते. थांबावे लागत नाही. रीळ भरले की सूत वेगळ्या चक्रावर घेऊन त्याची लडी करतात.

पुढचा भाग विणकाराचा. मागावर आडव्या धाग्यासाठी धोट्यात बसणाऱ्या कांड्या भराव्या लागतात. विणून झालेले लोकरीचे कापड विरविरीत आणि तेलकट असते. पाणचक्कीवर चालणारे लाकडी घण ते पाण्यात, मुलतानीसारख्या मातीसह, तासन् तास कुटतात. कापड आटते, तंतू एकमेकांत गुंततात, मळ निघतो आणि वीण दाट होते. हे काम फुलिंग मिलमध्ये होते. त्यानंतर रंग आणि सजावट. या सगळ्याचे एक ढोबळ चित्र कागदावर काढावे, कितीही वाईट आले तरी चालेल, आणि प्रत्येक भागावर बाण मारून त्याचे काम एका क्रियापदात लिहावे : धरते, पिळते, साठवते, मोजून दाखवते, विणते, कुटते.

जोड्या लावताना

चित्र तयार असले की उपमेयाची नावे त्यावर बसवणे सोपे जाते, आणि केवळ यादी न करता प्रत्येक जोडीला ‘हाच भाग का?’ असे विचारता येते. डिस्टाफ तंतू धरते, सूत करत नाही. वचन हे तसेच आहे. ते कृपेचा कच्चा माल आवाक्यात आणून ठेवते. फ्लायर पीळ देतो, आणि पिळाशिवाय तंतू ओढला की तुटतो. म्हणून वचन ऐकून भावावेग हलले नाहीत, तर ऐकणाऱ्याच्या हाती काहीच टिकत नाही, असे ही ओळ सुचवते. प्युरिटन म्हणजे कोरडे, भावनाशून्य लोक, असा समज असणाऱ्या वाचकाने या फ्लायरपाशी थोडे थांबावे. आत्मा हे रीळ आहे; तो घेतो आणि साठवतो, स्वतः फिरवत नाही. फुलिंग मिलची जोडी मला सर्वांत धीट वाटते. मंडळीचे विधी सांत्वन देणारे आहेत असे म्हणणे सोपे होते, पण टेलर त्यांना पाण्यात बुडवून घणाने कुटण्याचे यंत्र म्हणतो.

जे नाही तेही चित्रातच दिसते. डिस्टाफवर नेमके कोणते तंतू आहेत हे कवी सांगत नाही. चाक पायाने वा हाताने कोण फिरवतो हेही सांगत नाही. मागावर ताणा कोणी लावला याचा उल्लेख नाही. शिवाय डिस्टाफ लावलेला छोटा चरखा सहसा जवसाच्या खोडातील तंतूंसाठी, म्हणजे लिननसाठी असे, आणि फुलिंग मिल लोकरीसाठी, म्हणून काटेकोर विणकर कवीला अडवू शकला असता. मी याला दोष मानत नाही. टेलरला कापडाचा कारखाना दाखवायचा नव्हता. स्वतःपासून सुरू होऊन स्वतःच्याच अंगावर परत येणारा एक क्रम त्याला हवा होता. सूत कातणे हे घरातल्या बायकांचे काम होते हेही विसरू नये. व्यासपीठावर उभा राहणारा उपदेशक इथे गृहिणीच्या हातातले अवजार व्हायला निघाला आहे.

कर्ता कोण, हे क्रियापदे सांगतात

आता लाल पेन घेऊन ‘मेक’, म्हणजे ‘कर, बनव’, हे क्रियापद जिथे येते तिथे गोल करावा. पहिल्या कडव्यात पाच गोल येतात, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात एकही नाही. या घसरत्या संख्येतच कवितेची हालचाल आहे. आधी कवीला घडवावे लागते. मग घडवण्याबरोबर विणणे आणि रंगवणे येते. शेवटी फक्त पांघरायचे उरते. सगळी मुख्य क्रियापदे आज्ञार्थी आहेत आणि ती देवाला उद्देशून आहेत. माणूस संपूर्ण कवितेत एकही क्रिया करत नाही. दुसऱ्या कडव्याच्या मधोमध तो स्पष्टच म्हणतो की कापड तू स्वतः विण.

हा केवळ नम्रपणा नाही, हा सिद्धान्त आहे. सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या परंपरेतील प्युरिटन असे मानत की तारण, म्हणजे पापातून सुटका, हे सर्वस्वी देवाच्या निवडीने आणि कृपेने मिळते, माणसाच्या सत्कृत्यांच्या बदल्यात नव्हे. पण याच लोकांकडून मेहनतीच्या, नीटनेटक्या, सतत स्वतःला तपासणाऱ्या जगण्याची अपेक्षाही होती. माणूस काही करू शकत नसेल तर त्याने काय करावे? चरख्याचे रूपक या पेचाला जागा देते. चरखा काम करतो, भरपूर करतो, पण कातणारा तो नव्हे. विद्यार्थ्यांना मी इथे एक छोटा प्रयोग सुचवतो : पहिल्या कडव्यातली सगळी आज्ञार्थी क्रियापदे ‘मी करीन’ अशी बदलून वाचावीत. रूपक तेच राहते, यंत्राचा एकही भाग हलत नाही, आणि तरीही कविता प्युरिटन राहत नाही.

सांधा जिथे कुरकुरतो

चांगल्या सांगरूपकात एखादा सांधा कुरकुरतोच, आणि वाचकाने तो शोधून काढावा, झाकू नये. इथे कवी पहिल्या कडव्यात चरखा आहे, दुसऱ्यात माग आहे आणि तिसऱ्यात ते वस्त्र नेसणारा माणूस आहे. अवजारच शेवटी पोशाख घालते, हे तर्काला पटत नाही. मग तिसऱ्या कडव्यातील यादी पाहावी : समज, इच्छा, भावावेग, निर्णयशक्ती, सदसद्विवेक, स्मरण, शब्द आणि कृती. यात भावावेग पुन्हा आले आहेत. जे पहिल्या कडव्यात फ्लायर होऊन सूत पिळत होते, तेच आता त्या सुताचे वस्त्र नेसतात. म्हणजे कुरकुर अपघाती नाही. प्युरिटन धर्मशास्त्रात देव माणसाला केवळ निर्दोष ठरवत नाही, तो त्याला हळूहळू पवित्रही करत नेतो, आणि ती प्रक्रिया माणसाच्याच वृत्तींमधून चालते. वापरलेले आणि नटवलेले एकच आहे, असे म्हणायला या कवीने रूपक थोडे वाकवले.

वस्त्र कुठून आले

आता बायबल उघडावे. नीतिसूत्रांच्या ३१ व्या अध्यायात सद्गुणी स्त्री डिस्टाफला आणि चातीला हात घालते. निर्गमच्या २८ व्या अध्यायात महायाजक अहरोनासाठी गौरव आणि शोभा यांकरिता पवित्र वस्त्रे करण्याची आज्ञा आहे, आणि टेलरची कविता ‘गौरवासाठी पवित्र वस्त्रे’ याच शब्दांवर संपते. यशयाच्या ६१ व्या अध्यायात नीतिमत्तेचा झगा आहे. पण सर्वांत महत्त्वाचा संदर्भ मत्तयाच्या २२ व्या अध्यायातला आहे : राजाच्या पुत्राच्या लग्नाच्या मेजवानीत एक माणूस लग्नाचा पोशाख न घालता येऊन बसतो आणि त्याला बाहेर अंधारात टाकले जाते.

हा दाखला टेलरच्या गावाशेजारीच पेटलेल्या वादाचा होता. नॉर्थॅम्प्टनचे धर्मोपदेशक सॉलोमन स्टॉडर्ड यांचे म्हणणे असे की, ज्यांना अंतःपरिवर्तनाची खात्री नाही अशांनाही प्रभुभोजनाला येऊ द्यावे, त्यातूनच कदाचित परिवर्तन घडेल. टेलरचा याला कडवा विरोध होता. पोशाखाशिवाय मेजवानीला यायचे नाही, या मुद्द्यावर त्याने १६९० च्या दशकात प्रवचनांची मालिकाच दिली. स्वतः प्रभुभोजन देण्याआधी तो त्या दिवशीच्या वचनावर ध्यानकविता लिहीत असे. १६८२ ते १७२५ या काळात अशा दोनशेहून अधिक झाल्या. हे कळल्यावर ‘हस्विफरी’ घरगुती गोडव्याची कविता राहत नाही. मेजासमोर कोणत्या कपड्यांत जायचे, आणि ते कपडे आपल्याला शिवता येत नाहीत हे माहीत असताना कसे जायचे, या भीतीची ती कविता होते.

प्युरिटनांना अलंकारांचा तिटकारा होता, मग हे सगळे चालले कसे, असे कोणी विचारेल. १६४० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या केंब्रिजमध्ये छापलेल्या स्तोत्रसंग्रहाच्या प्रस्तावनेत, देवाच्या वेदीला आमच्या घासपुसीची गरज नाही, असे म्हटलेच आहे. त्यांची अट इतकीच होती की प्रतिमा आपण मिरवण्यासाठी काढलेली नसावी. बायबल स्वतःच सूत, वस्त्र, भाकर, द्राक्षवेल यांतून बोलते, म्हणून त्यांतून बोलणे हे आज्ञापालनच ठरत होते.

दुसऱ्या कवितेवर हात चालवून पाहा

पद्धत एका कवितेवर शिकून पुरत नाही. अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीट या कवयित्रीची जुलै १६६६ मध्ये घर जळाल्यावर लिहिलेली कविता घेतली तर वेगळाच आराखडा दिसेल : बराच वेळ रूपक येतच नाही, फक्त पेटी, मेज, बसण्याची जागा अशा खऱ्या वस्तूंची आठवण येत राहते, आणि स्वर्गातल्या घराचा आणि त्याच्या थोर स्थपतीचा उल्लेख अगदी शेवटाकडे येतो. तिथे रूपक सुरू कुठे होते, आणि त्याआधी किती वस्तू मोजून झालेल्या असतात, हे पाहावे.

पण माझा सल्ला टेलरच्याच, विवाह आणि मुलांच्या मृत्यूवरील सात कडव्यांच्या कवितेचा आहे. तिच्यात विवाह हे नंदनवनात बांधलेले, वेलबुट्टीसारख्या वाफ्यांचे उद्यान आहे, कवी त्यात लावलेले रोप आहे आणि मुले ही फुले आहेत. वर सांगितलेले टप्पे क्रमाने लावावेत. पहिले फूल टिकते. दुसरे वैभवातून, म्हणजे स्वर्गातून, आलेला हात खुडून नेतो, रोप मुळापासून हलते, आणि थोड्या विचारानंतर कवी म्हणतो की ख्रिस्ताला वैभवात एक निवडक फूल हवे होते, प्रभो घे. इथपर्यंत सांगरूपक न चुकता चालते. मग तिसरे फूल येते, आणि चौथेही तोच हात नेतो. पण या वेळी कवी त्या लेकराच्या यातना, ओकाऱ्या, किंकाळ्या, कण्हणे आणि सहा आठवड्यांचा ताप यांची नावे घेतो. त्या दोन ओळींत रोप नाही, पान नाही, सुवास नाही. फुलाला ताप येत नाही. वहीत या दोन ओळींच्या समोर काहीच न लिहिता जागा मोकळी सोडावी आणि शेवटचे कडवे वाचावे. शोक भरून वाहतो, निसर्ग तक्रार करू पाहतो, तरीही घे, ती तुझीच आहेत, असे कवी पुन्हा म्हणतो. मग अगदी शेवटच्या दोन ओळींत उद्यान परत येते : तू ती कोवळी असतानाच खुडलीस, किंवा बी धरेपर्यंत राहू दिलीस, तरी.